केदार म्हणजे राहणे

माझ्या स्पॅनिशच्या वर्गात स्पॅनिश न शिकण्यासाठी आलेले नाना हे एकमेव विद्यार्थी. बाकीचेही शिकत नव्हते, पण ते निदान शिकायला म्हणून आले होते. नानांनी पहिल्याच शनिवारी शेवटचा बाक धरला, छत्री दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी केली आणि मला सांगून टाकलं, "बाई, तुमचा चालू द्या. मी पोरीसंगती आयलोय."

पोरगी म्हणजे मानसी. वय तेवीस, वनस्पतिशास्त्राची पदवीधर, दर रविवारी बारवी धरणाच्या जंगलात झाडांची आणि पक्ष्यांची चौकशी करत हिंडणारी. नानांचं गाव जांभूळच्या शेजारी. त्यांच्या बऱ्याचशा जमिनीवर आता इमारती उभ्या आहेत आणि त्यांना परदेशी बागांची नावं आहेत. खरी बाग एकच उरली आहे, ती नानांची, आणि तीत भेंडी लावलेली असते. उरलेल्या तुकड्यात नाना स्वतः भात लावायचे. लोक विचारायचे, आता कशाला? नाना म्हणायचे, "मंग पावसात काय करू? गॅलरीत बसू?"

माझा वर्ग अंबरनाथ पूर्वेला एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर भरायचा. गिरणी सुरू झाली की माझे उच्चार चुकले तरी कळायचे नाहीत, त्यामुळे जागा सोयीची होती. अकरा वर्षं मी स्पॅनिश शिकवत होते. भिंतीवर माझी तीन प्रमाणपत्रं होती. स्पॅनिश ही ज्याची बोलायची भाषा आहे असा माणूस मात्र मी कधी प्रत्यक्ष पाहिला नव्हता. व्याकरण शिकवायला माणसं लागत नाहीत, अशी माझी समजूत होती.

त्या वर्षी एका परदेशी संस्थेचं पत्रक आलं. इक्वेडोरमध्ये ॲमेझॉनच्या जंगलात तीन आठवडे राहायचं, सकाळी भाषेचा तास, दुपारी नदीतून रबरी होडी हाकणं, गुहेत शिरणं वगैरे साहस, आणि मुक्काम तिथल्याच लोकांच्या घरी. सहा विद्यार्थी जमले की शिक्षिकेला प्रवास फुकट. माझ्याकडे पाच जमले, त्यांत मानसी. नाना म्हणाले, "एकटी नाय जानार ती."

"एकटी कुठे? मी आहे ना बरोबर," मी म्हणाले.

नानांनी मला चपलेपासून चष्म्यापर्यंत एकदा पाहिलं आणि स्वतःचं नाव नोंदवलं. तेव्हा मला अपमान वाटायला हवा होता. मला फक्त सहावा विद्यार्थी दिसला.

जायच्या आधी त्यांना थोडं तरी शिकवणं भाग होतं. क्रियापदं चालवून दाखवली की नाना अस्वस्थ व्हायचे. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते, प्रत्येकाचं रूप वेगळं. "एकच काम करतात ना समदे? मंग रूपं कशाला बदलायची?" असं म्हणून त्यांनी मूळ धातू तेवढे घेतले आणि बाकीचं व्याकरण मला साभार परत केलं. शब्द लक्षात ठेवायची पद्धतही त्यांचीच. घराला 'कासा' म्हणतात कळल्यावर ते म्हणाले, "घर कसा? कासा. झाला." राहण्याला 'केदार' म्हणतात, हे तर मी फळ्यावर लिहायच्या आत त्यांनी पाठ केलं, कारण त्यांच्या पुतण्याचं नाव केदार. मी त्यांना सांगितलं की स्पॅनिशमध्ये 'नाना' म्हणजे मुलं सांभाळणारी बाई, तेव्हा स्वतःची ओळख करून देताना जपून. नाना प्रसन्न झाले. "मंग बरोबरच हाय की. तेच करायला चाललोय."

निघण्याआधी त्यांच्या बायकोने, म्हणजे काकींनी, माझ्यासमोर त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. टिटवाळ्याचं एक स्थळ सांगून आलं होतं आणि परत आल्यावर बघण्याचा कार्यक्रम ठरला होता. नाना म्हणाले, "पोर जशी नेतोय तशी परत आनीन." काकींनी मान हलवली, आणि मग माझ्याकडे पाहून पुन्हा हलवली, यावेळी जरा वेगळी.

जंगलात घालायचे बूट मी ठाण्याच्या मॉलमधून घेतले. नानांनी उल्हासनगरच्या बाजारातून घेतले, दुकानदाराने "ले जाओ साईं, फटेगा नहीं" असं सांगितल्यावर. मी सगळ्या गटाला दर्जेदार वस्तूंचं महत्त्व समजावून सांगितलं. जंगलात पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी चिखलात माझ्या उजव्या बुटाचा तळ राहिला आणि वरचा भाग माझ्याबरोबर पुढे आला. नानांनी तळ शोधून, धुऊन माझ्या हातात दिला.

पण त्याआधी इक्वेडोरचा विमानतळ. तिथल्या अधिकाऱ्याने नानांच्या पिशवीतून सुक्या बोंबलांची पुडी काढली आणि हातभर लांब धरली. मी पुढे होऊन विनंतीवजा वाक्यरचना मनात जुळवत होते. ती जुळेपर्यंत नाना बोलून मोकळे झाले, "पेस्कादो. मुएर्तो. सेको." मासा. मेलेला. सुका. अधिकाऱ्याने मान डोलावली, बोंबील जप्त केले आणि नानांच्या खांद्यावर थोपटलं. आयुष्यातली पहिली स्पॅनिश चर्चा नाना हरले होते, पण चर्चा झाली होती. माझं वाक्य अजून पूर्ण व्हायचं होतं.

आम्हा तिघांना, म्हणजे नाना, मानसी आणि मला, कार्मेन नावाच्या बाईच्या घरी ठेवलं होतं. बाकीचे चौघे पलीकडच्या घरांत होते. ते या गोष्टीत पुढे येत नाहीत, त्यांनी तीन आठवडे फोटो काढले. कार्मेन पंचावन्नच्या आसपासची, विधवा, नदीकाठी खांबांवर उभं असलेलं लाकडी घर, मागे केळी आणि कसावा, म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तो कंद. तिची घरची भाषा किचवा. स्पॅनिश ती शाळेत मार खाऊन शिकली होती. हे कळल्यावर नानांना फार बरं वाटलं. "म्हंजे ही पन आपल्यासारकीच. परकी भाषा बोलते." त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी अत्यंत अशुद्ध आणि अखंड बोलत राहिले.

कुठल्याही माणसाला नाना तीनच प्रश्न विचारायचे. भात किती? पोरं किती? पाणी कुठून? हे त्यांनी बदलापुरात विचारलं होतं, विमानात शेजारच्याला विचारलं होतं आणि इक्वेडोरमध्येही भुवया उंचावून तेच विचारलं: आरोस? इखोस? आग्वा? तेवढ्यावर माणसं अर्धा अर्धा तास बोलायची. कार्मेनचा थोरला शहरात मजुरी करतो, धाकटी लग्न करून डोंगरात गेली ती चार वर्षांत आली नाही, विहिरीला उन्हाळ्यात वास येतो, हे सगळं नानांना दोन दिवसांत कळलं. मी त्याच बाईला, "आपल्याला सवड असती तर आपण आपल्या बालपणाविषयी काही सांगितलं असतं का?" असं संकेतार्थात विचारलं होतं. तिने मला पाणी आणून दिलं.

नदीचा दिवस मी गाळणार होते, पण मानसीला ठाऊक आहे, म्हणून सांगते. होडी उलटली आणि नेमकी मी पडले. मला मदतीसाठी हाक मारायचे स्पॅनिशमधले चार प्रकार येतात, औपचारिक धरून. मी "आई गं, मेले, मेले!" असं ओरडले. नानांनी जाकिटाची पट्टी धरून मला एका झटक्यात वर ओढलं. ते लहानपणापासून उल्हास नदीत पोहलेले. मी खोकत असताना त्यांनी गंभीरपणे सुचवलं, "बाई, स्पॅनिशमधी वरडा. इथल्या लोकांना कलला पायजे ना."

दुसऱ्या आठवड्यात मानसी मला नदीवर कपडे धुताना म्हणाली, "मॅम, एक सांगायचंय." नदीच्या वरच्या अंगाला तासाभराच्या वाटेवर एक संशोधन केंद्र होतं. तिथे जंगली झाडांची रोपवाटिका होती. मानसी दुपारच्या साहसाला दांडी मारून तिथे जायची. तिथल्या लोकांनी तिला वर्षभर राहून काम करशील का, असं विचारलं होतं. तिचा चेहरा असा झाला होता की मला तिच्याकडे बघवेना. "बाबांना तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतात ते."

नानांनी आजवर माझी एकही गोष्ट ऐकलेली नव्हती. पण हे कबूल करायला मी शिक्षिका कशाला झाले असते? मी म्हणाले, योग्य वेळ बघून सांगते. पुढचे चार दिवस मी योग्य वेळ शोधत होते. त्या जंगलात हजारो जातींचे प्राणी आहेत, योग्य वेळ तेवढी दिसली नाही.

कार्मेन पहाटे उठून ग्वायूसा नावाच्या पाल्याचा चहा उकळायची. नानांना शेतकऱ्याची सवय, तेही उठायचे. दोघं चुलीपाशी बसून भोपळ्याच्या वाडग्यातून तो चहा प्यायचे. पाचव्या दिवशी त्यांनी मला उठवलं. "बाई, या जरा. ही कायतरी मोठा बोलते."

कार्मेनने माझ्याकडे पाहिलंच नाही. नानांकडे बघत, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "सु इखा किएरे केदारसे." तुमच्या मुलीला राहायचंय. माझी वाट बघून मानसीने तिलाच सांगितलं असणार.

नाना माझ्याकडे वळले. माझ्या तोंडून निघालं, "ती म्हणते, मानसी फार गुणी मुलगी आहे."

नानांनी वाडग्यावर फुंकर मारली. एक घोट घेतला. "बाई, केदार म्हंजे ऱ्हायाचा. पुतन्याचा नाव हाय, इसरन कसा? आनि इखा म्हंजे पोर. पोर ऱ्हाते बोलते ही. यात गुनी कुठं हाय?"

अकरा वर्षांत माझं भाषांतर कुणी तपासलं नव्हतं. पहिल्यांदा तपासलं ते ज्याला मी शनिवारच्या चाचणीत शून्य दिलं होतं त्याने. मी मान खाली घालून बसले. कार्मेनने माझ्याही हातात वाडगा दिला. चहा कडू होता.

पुढचे दोन दिवस नाना घरात थांबले नाहीत. कार्मेनच्या शेतात जाऊन कसावा उपटत राहिले. मानसी जेवेना. मी तिला "वेळ द्यायला हवा" वगैरे म्हणत होते. तिसऱ्या दिवशी नानांनी उल्हासनगरचे बूट चढवले आणि एकटेच केंद्राच्या वाटेला लागले. मी मागोमाग गेले, जबाबदारी म्हणून. खरं तर काय होतंय ते बघायला.

केंद्राच्या प्रमुख एक पिकल्या केसांच्या बाई होत्या. नानांनी त्यांना माझ्या मदतीशिवाय, एकही रूप न चालवता, विचारलं: झोपणे कुठे? जेवणे कुणाबरोबर? आजारी, दवाखाना किती लांब? पाऊस, नदी वर येणे? त्या बाईंनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर चालत जाऊन दाखवलं. नानांनी खाट हलवून पाहिली. नळ सोडून पाण्याचा वास घेतला. दाराची कडी दोनदा लावून काढली. मुलगी बघायला आलेली मंडळीसुद्धा एवढी बारकाईने बघत नाहीत.

मग ते रोपवाटिकेत गेले. मानसी दोन कामगारांना काहीतरी समजावून सांगत होती. अडखळत नव्हती. ते दोघं तिच्या दुप्पट वयाचे, पण ती सांगेल तसं करत होते. तिने आम्हाला पाहिलं नव्हतं. नाना तिच्या मागे कितीतरी वेळ उभे राहिले. मी मनात दोन्ही बाजूंचे संवाद तयार केले, रडण्याच्या जागांसह.

नाना म्हणाले, "मने, रोपं लय दाट लावलीत."

मानसी दचकून वळली. मग हळूच म्हणाली, "हो बाबा. उद्या विरळ करायचीत."

"उद्या कर," नाना म्हणाले.

एवढ्यावर ठरलं.

निघायच्या दिवशी कार्मेन धक्क्यावर आली. नाना तिला म्हणाले, "कार्मेन. इखा. कोमेर पोको. मिरार." पोरगी. जेवणे कमी. बघणे. कार्मेनने त्यांचे दोन्ही हात धरले आणि काहीतरी बोलली, स्पॅनिश नाही, किचवा. नानांनी मला भाषांतर विचारलं नाही. मला ती भाषा येत नव्हती, आणि पहिल्यांदाच त्याची लाज वाटली नाही.

आम्ही गावात पोचलो तेव्हा काकी अंगणात उभ्या होत्या. त्यांनी गाडीत वाकून पाहिलं, पिशव्या पाहिल्या आणि विचारलं, "मानसी मागच्या गाडीत हाय काय?"

"नाय," नाना म्हणाले.

काकी आत गेल्या. पुढे दीड महिना त्या नानांशी बोलल्या नाहीत. टिटवाळ्याच्या मंडळींनी निरोप पाठवला की त्यांना मुलगी हवी होती, जंगल नको होतं. गावात नानांना लोक विचारायचे, पोर परदेशात टाकून आलास? नाना त्यांनाही तीन प्रश्न विचारून बेजार करायचे.

मला वाटलं आता नाना वर्गाला येणार नाहीत, राखण करायला कुणी उरलं नव्हतं. पण पुढच्याच शनिवारी ते आले आणि पहिल्या बाकावर बसले. कारण नंतर कळलं. दर रविवारी सकाळी मानसीचा फोन यायचा. साधंसुधं ती मराठीत बोलायची. ताप आला, साप निघाला, वादळात छप्पर उडालं, हे ती स्पॅनिशमध्ये सांगायची, म्हणजे आईला कळायला नको. बापलेकीने आपली चोरभाषा केली होती आणि तिचे धडे माझ्याकडून घेतले जात होते. काकी शेजारी बसून दोघांच्या तोंडाकडे बघत राहायच्या. "काय बोलली?" "जेवली बोलते."

ती जंगलात सतत जेवत असायची.

मग एका बुधवारी काकी माझ्या माडीवर आल्या. "मना पन बसवा," म्हणाल्या. "ह्यांना सांगू नका. मी भजनाला जाते बोलले." काकी आठवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी दोन वह्या केल्या, एक कच्ची, एक पक्की. क्रियापदांची रूपं त्या पोथी वाचावी तशी रोज वाचायच्या, मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. एक रूप सोडायच्या नाहीत. नवऱ्याला शनिवारी आणि बायकोला बुधवारी एकमेकांपासून चोरून शिकवायचं. अंबरनाथमध्ये स्पॅनिशला एवढी मागणी कधी नव्हती.

पाच महिन्यांनी एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. फोन आला तेव्हा मी तिथेच होते. मानसी मराठीत दोन वाक्यं बोलली आणि मग तिने भाषा बदलली. कामाचं आणखी एक वर्ष कबूल केलंय, दिवाळीला येणं जमणार नाही, आईला तुम्ही सांगा.

"काय बोलली?" काकींनी विचारलं.

"थंडी हाय बोलते," नाना म्हणाले. विषुववृत्तावर!

काकींनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला, पदर नीट केला आणि एकेक अक्षर स्वच्छ उच्चारत विचारलं, "क्वांदो विएनेस, इखा?" तू कधी येतेस, पोरी? रूप अचूक होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, काही अंशी व्याकरणामुळे.

नाना भिंतीकडे बघत होते. पलीकडे मानसी रडायला लागली आणि मराठीत म्हणाली, "दिवाळीला येते, आई."

"ये," काकी म्हणाल्या आणि फोन नानांना परत दिला.

नाना माझ्याकडे वळले. "बाई, हा धंदा तुमचा काय?"

मी आमटी वाढून घेतली.

मानसी दिवाळीला आली. अंगाने बारीक, रंगाने काळवंडलेली, आणि इतकी आनंदात की काकींना तिच्यावर नीट रागावता येईना. बारा दिवस ती राहिली. एका सकाळी काकींनी तिच्या फोनवरून कार्मेनशी बोलायचं म्हटलं आणि स्वयंपाकघराचं दार लावून तासभर बोलल्या. काय बोलल्या, ते त्यांनी नानांना सांगितलं नाही. मलाही नाही. बाहेर आल्यावर त्या मानसीचे कपडे घडी घालायला बसल्या, पिशवीत नीट मावतील असे.

विमानतळावर काकी गेल्या, मी गेले. नाना आले नाहीत. "भाताची कापनी हाय, माझ्याशिवाय अडतंय," म्हणाले. मानसी पाया पडली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच शेताकडे वळले.

परत येताना काकी घरी उतरल्या आणि मी शेताच्या वाटेने गेले. कापणी केव्हाच झाली होती. भारे बांधून घरी गेले होते, खळं झाडून झालं होतं, शेतात नुसते सड उभे होते. नाना बांधावर बसून विळ्याला धार लावत होते.

मी बांधावर जाऊन उभी राहिले. ते जरा सरकले, पंच्याने शेजारचा दगड पुसला आणि म्हणाले, "बसा, बाई."